वाडीतले बुडखे आणि मिनी ट्रॅक्टरचा बॅकहो : ओढायचं नाही, खणायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरी संपवून तुम्ही श्रीवर्धनकडच्या घरी कायमचे राहायला आलात. २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतलात आणि त्याला मागे जोडायचा वापरलेला बॅकहो, म्हणजे खणायचा यांत्रिक हात, मिळाला. वाडीत माडांचे १४ बुडखे आहेत. भुंग्याने शेंडे गेले म्हणून गेल्या वर्षभरात तोडलेले, कमरेएवढे उभे ठेवलेले. शिवाय ६ आंबे आणि विहिरीच्या काठचा १ फणस. हे २०२० च्या निसर्ग वादळात मोडले आणि तेव्हाच जमिनीबरोबर कापले गेले. आंब्यांत २ रायवळ (कोयीपासून वाढलेले), ४ कलमं. पाखाडी अरुंद, त्यामुळे जेसीबी आत येत नाही. या यंत्राने बुडखे निघतील का, साखळी बांधून ओढले तर लवकर होईल का आणि काम किती दिवसांचं, असं तुम्ही विचारलंय.

निघतील. फणस सोडून सगळे. साखळी मात्र विसरा.

मी दापोली तालुक्यात, किनाऱ्याच्या पट्ट्यात हे काम करतो. त्याची सुरुवात निसर्गनेच करून दिली. ३ जून २०२० ला दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या. जेवढे जेसीबी होते ते रस्ते मोकळे करण्यात आणि विजेचे खांब उचलण्यात गुंतलेले. पुढे ते मोकळे झाले तरी वाडीत शिरणार कसे? सात-साडेसात टनांचं धूड, रुंदी सात फुटांच्या वर. आमच्या पाखाड्या पाच-सहा फुटांच्या, दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे. एकेका वाडीत शिरायला गडगा पाडायचा आणि नंतर पुन्हा रचायचा, म्हणजे बुडख्यापेक्षा गडग्याचाच खर्च जास्त. माझा चार फुटी ट्रॅक्टर मात्र सुपारीच्या दोन ओळींमधूनही जातो. म्हणून त्याच वर्षअखेरीस बॅकहो बसवून घेतला. पहिल्या वर्षी चुकायच्या तेवढ्या सगळ्या चुका करून झाल्या, त्यातल्या दोन खाली सांगतो.

आधी साखळीचा हिशेब. तुमचा ट्रॅक्टर सात-आठशे किलोचा, बॅकहो धरला तर अकराशे-बाराशे. मोकळ्या मातीवर टायर आपल्या अंगावरच्या वजनाच्या निम्मं, फार तर पाऊणपट ओढतो, त्यापुढे जागच्या जागी फिरून खड्डा करतो. म्हणजे तुमची सगळी ओढ सात-आठशे किलोची. आता तो रायवळ आंबा आठवा. तो वादळात उपटला नाही, वरून मोडला. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याने आख्खा पसारा हलवला तरी ज्याचं मूळ सुटलं नाही, ते तुमच्या ट्रॅक्टरला कसं सुटेल?

आणि नाही सुटलं तर काय होतं ते महत्त्वाचं. साखळी लिंकेजला (अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) किंवा सीटखालच्या पट्टीला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या वर बांधलेली असली की बुडखा जागा सोडत नाही, मागची चाकं पुढे जाऊ शकत नाहीत आणि इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं नाक वर उचलण्यात जातो. पाय क्लचपर्यंत पोचायच्या आत ट्रॅक्टर मागे उलटतो, चालक खाली. नायलॉनचा दोर घेतला तर तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. हलका, सुटा झालेला बुडखा बाजूला सरकवायला साखळी ठीक आहे, तीही खालच्या हुकाला, ॲक्सलच्या खाली बांधून, आणि माणसं साखळीच्या दुप्पट लांबीवर उभी करून.

बॅकहोची गोष्टही फार वेगळी नाही. बकेटच्या दातांशी टन-सव्वा टनाचा जोर मिळतो, पण तुमचं यंत्रच तेवढ्या वजनाचं. बुडखा पकडून ताकद लावलीत की बुडखा तुमच्याकडे येत नाही, तुम्हीच बुडख्याकडे सरकता. जेसीबीवाला बुडख्याला बकेट अडकवून हिसकावतो ते त्याला शोभतं. आपलं काम मातीचं. मूळ मातीला धरून असतं. माती काढून घेतली की त्याला धरायला काही उरत नाही. लहान यंत्राला वेळ लागतो, पण माती काढायला ते कुठेच कमी पडत नाही.

आता यंत्र. तुमचा बॅकहो वापरलेला आहे म्हणून मी बुडख्यांपेक्षा त्याचीच जास्त काळजी करेन. तो ट्रॅक्टरला कसा जोडलाय ते आज वाकून बघा. नुसता तीन ठिकाणी लिंकेजला टांगलेला असेल तर त्याच्याने चर खणा, खत भरा, पण बुडख्याला हात लावू नका. माझा पहिला बॅकहो असाच होता. बनवणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘काही होत नाही.’ तिसऱ्या बुडख्याला वरची लिंक धनुष्यासारखी वाकली. ती बदलून घेतली, तर पंधरा दिवसांत मागच्या कवचाला, जिथे लिंक बसते त्याच जागी, चीर गेली आणि तेल झिरपायला लागलं. ट्रॅक्टर दोन तुकडे करून उघडावा लागला. मोसम गेला.

कारण सोपं आहे. बकेट मुळाखाली अडकवून तुम्ही आत ओढता, तेव्हा मूळ हलत नसेल तर बॅकहोच खालच्या दोन पिनांभोवती गोल फिरू बघतो. त्याला अडवणारी एकच वस्तू, वरची लिंक. ती तुटली तर बॅकहोच्या सीटवर बसलेला माणूस यंत्र आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये सापडतो. नुसतं यंत्र गेलं असतं तरी मी इतकं लिहिलं नसतं.

हवी असते ती सबफ्रेम. बॅकहोपासून निघून ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत जाणारे दोन जाड चॅनल, मधे मागच्या ॲक्सलच्या दोन्ही कवचांना बोल्टने आवळलेले. मग जोर एका ठिकाणी न येता सगळ्या अंगावर वाटला जातो. नसेल तर करून घ्या, पण फॅब्रिकेटरला ट्रॅक्टर नेऊन दाखवा, नुसती मापं सांगून भागत नाही. आणि ट्रॅक्टरच्या ओतीव कवचावर वेल्डिंग करू देऊ नका. बोल्टच.

दुसरं, तेल कुठून येतं? ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या पंपावर जोडलेला असेल तर बूम (बॅकहोचा लांब हात) एखाद्या म्हाताऱ्यासारखा हलेल. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा वेगळा पंप आणि वेगळी टाकी असावी. ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल चालतं. दुपारी टाकीवर तळहात ठेवून बघा, ठेववत नसेल तर पंधरा-वीस मिनिटं यंत्र सावलीत थांबवा. मुळाला बकेट अडली की रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) किरकिरतो, ती तक्रार समजा. लिव्हर लगेच सोडा. काही मेकॅनिक ‘ताकद वाढवून देतो’ म्हणून तो व्हॉल्व्ह आवळतात. तसं करून मिळालेली ताकद दोन दिवस टिकते, मग पाइप फुटतो किंवा सिलिंडरचा दांडा वाकतो.

बकेट दोन फुटी असेल तर बदला. नऊ ते बारा इंची हवी. रुंद बकेटमध्ये तोच जोर चार-पाच दातांत वाटला जातो आणि मूळ तुटत नाही. मी तर बकेट काढून तिच्या जागी एकच लांब दात बसवून घेतलाय, जेसीबीचा जुना दात पुढे वेल्ड केलेला. जांभ्यात आणि मुळांच्या जाळ्यात त्याच्यासारखं दुसरं हत्यार नाही. पिना-बुशांना रोज सकाळी ग्रीस, बुडख्याच्या कामात दुपारीही.

हंगाम नवरात्रापासून मार्गशीर्षापर्यंतचा. पावसात जॅक (बॅकहोचे दोन टेकू-पाय) चिखलात रुततात आणि खड्डा भरून येतो, एप्रिल-मेमध्ये आपली तांबडी माती विटेसारखी होते. उन्हाळ्यातच करायचं असेल तर आदल्या रात्री बुडख्याभोवती आळं करून पाणी सोडून ठेवा. पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूची वाडी असेल तर प्रश्न उलटा: खणणं सोपं, पण कड ढासळते, आणि चार-पाच फुटांवर पाणी लागतं. तिथे जॅकखाली दोन इंच जाडीच्या, दोन फूट चौरस फळ्या टाकल्याशिवाय यंत्र उभं करू नका. खड्ड्याच्या कडेपासून जॅक किमान तीन फूट लांब. एकदा माझा डावा जॅक कड घेऊन खाली गेला होता. यंत्र माडाला टेकलं म्हणून वाचलो. वाडीत माड दाट लावलेले होते ते त्या दिवशी बरं वाटलं.

माडांपासून सुरुवात करा. हात बसायला माडाइतकं चांगलं दुसरं झाड नाही. माडाला सोटमूळ नसतं. बुंध्याचा तळ कांद्यासारखा फुगलेला आणि त्यातून बोटाच्या जाडीची असंख्य मुळं सगळीकडे. जाड मूळ एकही नाही, म्हणून अडतं असं काही नाही. बुडख्यापासून दोन-अडीच फुटांवर तीन बाजूंनी तीन फूट खोल चर काढायचा. मुळं दातांना दोऱ्यांसारखी तुटतात. मग चौथ्या बाजूने, कमरेएवढा जो बुंधा तुम्ही शहाणपणाने ठेवलाय, त्याच्या माथ्याला बकेटची पाठ लावून सावकाश ढकलायचं. वरून ढकललं की तोच बुंधा तरफ होतो. कांदा सुटतो आणि चरात आडवा होतो. एक माड पाऊण ते एक तासात. बुंध्याचे तुकडे करताना करवतीची चेन लवकर बोथट होईल, माडाचं बाहेरचं लाकूड कठीण आणि किनाऱ्यावर त्यात वाळू बसलेली असते. दोन चेनी जवळ ठेवा.

माडाच्या बुडख्यांना मी घाई का करायला सांगतो, तर तुमचे शेंडे ज्याने खाल्ले त्याच्यामुळे. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजणाऱ्या लाकडात आणि शेणखताच्या खड्ड्यात. तुम्ही तोडून ठेवलेले बुडखे म्हणजे त्याच्या पुढच्या पिढीची बाळंतिणीची खोली. बुडखा फोडलात की आत करंगळीहून जाड, मुडपून बसलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील. वेचून कोंबड्यांना घाला, त्या वाट बघत मागे फिरतात. काढलेले बुडखे वाडीच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायचे नाहीत. एक तर फोडून, वाळवून चुलीला किंवा न्हाणीघरातल्या बंबाला घाला, नाही तर तीन-चार फूट खोल पुरा. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी (भुंग्याच्या अळ्या मारणारी) टाकायची सवय ठेवा, कृषी विभागही तेच सांगतो. चौदा बुडखे गेले आणि खतखड्डा तसाच राहिला तर उरलेल्या माडांचं दुखणं संपणार नाही.

आता रायवळ. इथे धीर लागतो.

२०२० मध्ये कापलेला बुडखा मेलाय की जिवंत आहे हे आधी ठरवा. बाजूने फुटवे आले असतील तर मुळं जिवंत, म्हणजे पुरी ताकद शाबूत. फुटवे नसतील तर पहार मारून बघा. भद्द आवाज आला आणि पहार आत रुतली तर अर्धं काम वाळवीने केलेलं आहे. टणक वाजला तर तो जिवंत असल्यासारखाच धरा. एका बुडख्याची एक बाजू मेलेली आणि दुसरी जिवंत असंही होतं. मग खणायला सुरुवात जिवंत बाजूने.

जमिनीबरोबर कापलाय हे मात्र दुखणं झालं. पुढे कधी झाड तोडायची वेळ आली तर चार-पाच फूट बुंधा ठेवा, तीच तुमची तरफ. (उभा आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, झाड स्वतःच्या सातबाऱ्यावर असलं तरी. आणि वादळानंतर पंचनामा होईपर्यंत बुडखे हलवू नका. तलाठ्याला मोजायला काहीतरी दिसावं लागतं. २०२० मध्ये आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने आठ दिवसांत वाडी साफ केली आणि मग गेलेली झाडं तोंडी मोजून दाखवत बसले.)

दोन फूट जाडीचा बुडखा असेल तर त्याच्या कडेपासून अडीच-तीन फुटांवर चुन्याने गोल आखून घ्या. पृष्ठभागावर मुळांच्या फाळी (वर उचललेल्या कडा) दिसतात, त्या मोजा. रायवळाला साधारण पाच ते आठ मोठी आडवी मुळं असतात. फाळ ज्या दिशेला जास्त उचललेली, तिकडे मूळ जास्त जाड. हे पाच मिनिटं बघून घेतलं की दिवसभर चाचपडावं लागत नाही.

बकेट नेहमी आपल्याकडे खणते, त्यामुळे एका जागी बसून बुडख्याची पलीकडची बाजू खणता येत नाही, मधे बुडखाच येतो. म्हणून बुडख्याभोवती तीन ठाणी धरायची, त्रिकोणाच्या टोकांसारखी. पहिल्या ठाण्याला खणलेली माती दुसऱ्या ठाण्याच्या जागेवर टाकू नका. हसू नका, सगळेच नवखे हे करतात आणि मग स्वतःचीच माती उपसत बसतात. प्रत्येक ठाण्याला बुडखा बरोबर मागे, सरळ रेषेत यावा. जॅक टेकवून मागची चाकं जेमतेम उचलली गेली पाहिजेत, हवेत लटकता कामा नये. पुढच्या चाकांना चिऱ्याची अडण.

चर एक फूट रुंद, अडीच-तीन फूट खोल. माती सुटी करत जायचं, मुळाशी झुंजायचं नाही. मूळ लागलं की दात त्याच्या खाली घालून बकेट मनगटासारखी वळवायची, मूळ वर उचललं जाऊन मोडतं. आपल्या मनगटाएवढं मूळ असं मोडतं. त्याहून जाड असेल तर यंत्राला सांगू नका. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, खाली उतरा, पाण्याने मूळ धुवा आणि कुऱ्हाडीने तोडा. साखळी करवत मातीत घातलीत तर एका मुळात चेन संपते.

मूळ कुठे तोडायचं, हे मला शिकायला एक वर्ष लागलं. बुडख्याला लागून तोडायचं नाही. चराच्या बाहेरच्या कडेला तोडायचं, म्हणजे बुडख्याला दोन-अडीच फुटांचा थोटा राहतो. जमिनीबरोबर कापलेल्या बुडख्याला पकडायला दुसरं काहीच नसतं, हे थोटेच पुढे मुठी होतात. पहिल्या वर्षी मी सगळी मुळं बुडख्याला चिकटून साफ छाटली आणि मग गुळगुळीत पाट्यासारखा बुडखा खड्ड्यात बसून माझ्याकडे बघत राहिला.

आणि एक: बूम डावी-उजवी झुलवून मुळाला टोले मारायचा मोह होतो. झुलवण्याचे सिलिंडर आणि त्यांची पिन हा लहान बॅकहोचा सगळ्यांत नाजूक अवयव. झुलवणं माती टाकण्यापुरतंच ठेवा.

आडवी मुळं तुटली की एका बाजूने बुडख्याच्या पोटाखाली खणत जा, खोबण करा. मग त्याच्या समोरच्या बाजूला या आणि एखाद्या थोट्याखाली बकेट घालून उचलून बघा. सगळा उचलायचा नाही, नुसता हलवायचा. हलवा, सोडा, माती काढा, पुन्हा हलवा. आतून कडकड आवाज येतो तो खालची मुळं तुटल्याचा. उरतं सोटमूळ, ते साडेतीन-चार फुटांखाली सापडतं. बुडखा एका अंगाला कलंडून तिरपा धरला की ते ताणलेलं दिसतं, तिथे कुऱ्हाडीचे घाव घालायचे. बुडखा नुसत्या बकेटवर तोललेला असताना कुणीही खड्ड्यात उतरायचं नाही. आधी त्याच्याखाली ओंडक्यांची अडण द्या, बकेट टेकवा, इंजिन बंद करा, चावी खिशात, मगच माणूस आत. हायड्रॉलिक कधीही सुटू शकतं. पाइप जुना असेल तर जास्तच.

सुटलेला बुडखा उचलून बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. हिशेब बघा: दोन फूट व्यासाचा, चार फूट उंचीचा ठोकळा म्हणजे साधारण ०.३५ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला ८०० ते ९०० किलो, म्हणजे नुसतं लाकूडच ३०० किलो. त्यावर थोटे आणि मुळांना चिकटलेला चिखल, मिळून पाचशेच्या पुढे. लहान बॅकहो हात लांब करून दोन-अडीचशे उचलतो. म्हणून खड्ड्याची एक बाजू उतरती करायची आणि बुडखा त्या उतारावरून लोळवत आणायचा, बकेट त्याच्या मागे घालून. नाही तर पाचरी मारून खड्ड्यातच दोन फाकी करायच्या. वाळवी लागलेला असेल तर तो आपणहून फुटतो.

कलमांचं काम याच्या निम्मं. पिशवीतून आलेल्या कलमाचं सोटमूळ सहसा मुडपलेलं असतं, मुळं आडवी जास्त पसरतात. तुमची चारही कलमं घराच्या आसपास मातीत असतील तर प्रत्येकाला अडीच-तीन तास धरा. वरच्या सड्यावर कातळात सुरुंगाने किंवा टिकावाने खड्डा करून लावलेली असतील तर ती कुंडीत लावल्यासारखी असतात: भरलेली माती उकरून काढली की बुडखा सुटतो, फक्त जांभ्याच्या फटीत गेलेली दोन-तीन मुळं तोडावी लागतात. तिथे बकेटचे दात मोडतात, एकदात हवा.

आणि विहिरीकाठचा फणस. त्याला हात लावू नका. फणसाची मुळं चिऱ्याच्या सांध्यांत शिरून विहिरीच्या भिंतीला बाहेरून कवटाळून बसलेली असणार. एक मूळ हिसकलंत तर चार चिरे सरकतील आणि पुढच्या पावसात कठडा आत येईल. शिवाय टन-सव्वा टनाचं यंत्र जॅकवर उभं करून विहिरीच्या काठाशी खणायचं, हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. बुडख्याची साल सगळीकडून, जमिनीखाली वीतभर खणून, सोलून काढा. फुटवे आले की कोयतीने काढत राहा. दोन-तीन पावसाळ्यांत तो मरेल, मग आपल्या चालीने कुजेल. मुळं कुजतील तशा सांध्यांत पोकळ्या राहतील, तेव्हा गवंड्याकडून चिरे तपासून घ्या. आंब्या-माडाला जो न्याय तोच फणसाला लावून ही एक जागा बिघडवलेले लोक मी पाहिलेत.

जुन्या बुडख्याच्या पोकळीत, सालीखाली, चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं. मातीच्या रंगाचं, वीत-दीड वीत, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. आधी काठीने आणि पहारेने पोकळी ठोकून घ्या, हात घालू नका, गमबूट घाला. हायड्रॉलिकचा पाइप झिरपतोय का हे हाताने चाचपून बघायची सवय असेल तर आजच मोडा. बारीक भोकातून दाबाने येणारं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि दोन दिवसांत बोट काढायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. चावी फिरवायच्या आधी पाण्याची लाइन, शोषखड्डा आणि पंपाची केबल कुठून जाते ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा. मी एकदा न विचारता खणलं आणि भर नवरात्रात एका घराचं पाणी तोडलं. त्या घरच्या काकू अजून भेटल्या की आधी तेच काढतात.

किती दिवस? १४ माड तीन दिवस, ४ कलमं दीड-दोन, रायवळ दोन्ही मिळून दोन. कागदावर सात होतात, तुम्ही दहा धरा, कारण पहिल्या दोन दिवसांत लिव्हर उलटसुलट होणारच. डिझेल तासाला दोन-अडीच लिटर. सोबत एक माणूस हवाच, आणि तो तुमच्या नजरेसमोर उभा राहणारा हवा, बूमच्या टप्प्याबाहेर. एकट्याने हे काम करू नका, आणि सुट्टीत आलेल्या नातवंडांना ‘बघू दे हो’ म्हणून जवळ उभं करू नका.

खड्डे भरताना वीत-वीत माती टाकून बकेटच्या पाठीने दाबत जा. शेवटी जमिनीच्या वर फूटभर उंचवटा ठेवा. पहिल्याच पावसाळ्यात तो खाली बसतो. तुटक्या मुळांचे तुकडे जमतील तेवढे वेचून काढा, राहिलेल्यांना वाळवी लागते आणि ती नव्या रोपाकडे वळते. त्याच खड्ड्यात लगेच नवं कलम लावू नका, पाच-सहा हात बाजूला लावा. माडाच्या जागी माडच हवा असेल तर एक पावसाळा खड्डा तसाच मोकळा, उन्हा-पावसाला उघडा ठेवा आणि मग लावा. रायवळाच्या जागेवर मी स्वतः दोन वर्षं केळी घेतल्या होत्या. माती बसेपर्यंत जागा रिकामी राहिली नाही आणि घरात केळी झाली.